३ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर

जहाजावरील रडारसाठीं मुख्यत्वेंकरून दोन लांबींच्या लहरी वापरतात. एक सुमारें ३ सेंटिमीटरची, तिला नाविक 'एक्स बँड' म्हणतात. दुसरी १० सेंटिमीटरची, ती 'एस बँड'. अक्षरें विसरलां तरी चालेल, पण लांबी ध्यानांत ठेवा. सारा भेद तिच्यांतच आहे.

खडू जाड असला कीं रेघ जाड येते, तसेंच येथें होतें. रडारचा झोत किती पसरेल हें लहरीची लांबी व फिरत्या अँटेनाची लांबी यांच्या प्रमाणावर ठरतें. ४ फुटी अँटेनांतून ३ सेंटिमीटरची लहर सोडली तर झोत सुमारें २ अंश रुंद असतो. त्याच अँटेनांतून १० ची सोडली तर तो ६ अंशांवर जातो, आणि सहा सागरी मैलांवर किलोमीटरभर अंतर राखून शेजारीं चाललेले दोन मचवे पडद्यावर एकच ठिपका होऊन बसतात. झोत पुन्हां आवळावयाचा तर १२ फुटी अँटेना हवा. तो मच्छीमार ट्रॉलरवर कोठें बसवावा? लहान नौका ३ सेंटिमीटरच पसंत करतात, तें योग्यच आहे.

परंतु पाऊस! थेंबांवरून येणारा पडसाद लहरीच्या लांबीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत घटतो. म्हणजे १० सेंटिमीटरला तो जवळजवळ शंभरावा हिस्साच उरतो. नारळी पौर्णिमेनंतर कोंकण किनाऱ्यावर मचवे समुद्रांत लोटतात, तेव्हां सरी कांहीं थांबलेल्या नसतात. जोराच्या सरींत ३ सेंटिमीटरचा पडदा ठिपक्यांनीं भरून जातो. मोठें जहाज अशा वेळीं १० सेंटिमीटरवर विसंबतें.

आमच्या कोळी बांधवांनीं नेमकें हेंच ओळखावें. लांकडाचा पडसाद क्षीण, म्हणून डोलकाठीवर काटकोनांत जोडलेल्या पत्र्यांचा परावर्तक टांगतात. तो अवश्य टांगावा, शक्य तितका उंच. मात्र तोच परावर्तक १० सेंटिमीटरला सुमारें एक दशांशच पडसाद देतो. पावसांत जहाज आपणांस पाहत असेलच, हा भरंवसा धरूं नये.

आंतरराष्ट्रीय नियमानें ३०० व त्याहून अधिक टनभाराच्या जहाजांवर ३ सेंटिमीटरचें रडार सक्तीचें आहे. ३००० पासून पुढें दुसरें लागतें, तें बहुधा १० चें. पहिल्याला सुट्टी देतां येत नाहीं, याचें एक मोठें कारण आहे. संकटांतील नौकेवरचें रडार-प्रतिसादक यंत्र ३ सेंटिमीटरच्याच हांकेला ओ देतें व पडद्यावर बारा ठिपक्यांची रांग उमटवितें. १० सेंटिमीटरच्या स्वच्छ पडद्यावर ती रांग दिसतच नाहीं.