दरिद्री बालकाचे शिक्षण व आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास ५० वर्षे पूर्ण झाली, याबद्दल परमेश्वराचे उपकारस्मरण करून मी विषयाकडे वळतो. जुन्या करारातील योबेल वर्षी दास मुक्त होत आणि विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई. तेव्हा महोत्सव म्हटला की कोणास काय परत मिळाले, हा प्रश्न विचारणे प्राप्तच आहे. आज मी तो बालकांविषयी विचारीत आहे.

शाळा गावोगावी झाल्या, २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्कही मिळाला; मग जे मूल मागे राहते ते आळसाने अथवा आईबापांच्या हलगर्जीपणाने राहते, असे पुष्कळ सुज्ञ लोक म्हणतात. हे मत किती उतावळेपणाचे आहे, हे पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीकडून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बिऱ्हाडे निघतात. मुकादमाची उचल अगोदरच अंगावर असते, आणि नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असा हिशेब असतो. ती उचल फिटेपर्यंत घरी परतण्याची सोय नसते.

या कुटुंबातील मुलापुढे दोनच वाटा असतात. आईबापांबरोबर गेले, तर कोपीत राहावे लागते. उजाडण्यापूर्वी आईबाप फडात जातात, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाची आई बनते. परत येईतो शाळेचे वर्ष सरत आलेले असते. गावी म्हाताऱ्या आजीपाशी राहिले, तर शाळा चुकत नाही. परंतु पाच-सहा महिने आईचे तोंड दिसत नाही. मुलगी वयात येऊ लागली की तिला मागे ठेवण्याची भीती वाटते, आणि त्या भीतीपोटी पुष्कळदा कोवळ्या वयातच तिचे लग्न उरकले जाते.

अशा मुलांपैकी कोणी घुमे होते, कोणी क्षुल्लक कारणाने चिडते, कोणाचे पोट नेमके शाळेच्या वेळी दुखते. आपण त्यास मठ्ठ किंवा द्वाड म्हणून मोकळे होतो. सतत चिंतेत वाढणाऱ्या बालकाचे लक्ष व स्मरण दुर्बल होते, असे मानसशास्त्र सांगते. अर्थात जो दोष आपण बुद्धीचा मानतो, तो कित्येकदा भयाचा असतो. सुखवस्तू घरातील मूल तरी एकटे कोठे शिकते? त्याच्यामागे वेळेवरचे जेवण, निवांत कोपरा, शिकलेला बाप आणि विचारपूस करणारी आई उभी असते. दरिद्री मुलास आपण पुस्तक दिले. परंतु या चार गोष्टी कोणी दिल्या?

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. त्यांनी निदान १२ वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले होते. आपल्या पवित्र ख्रिस्तसभेनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात, निर्धन व कुटुंबाच्या आधारास आणि मायेस मुकलेल्या बालकांची विशेष काळजी वाहण्यास बजावले आहे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, सायंकाळी धर्मग्रामाचे सभागृह अभ्यासासाठी उघडे ठेवावे. तेथे दिवा असावा, आणि आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी पाळीपाळीने बसावे. दुसरी, आजीपाशी राहिलेल्या प्रत्येक मुलामागे दोन कुटुंबांनी मिळून सहा महिने लक्ष ठेवावे: रविवारी त्यास जेवू घालावे, आईबापांशी फोनवर बोलणे करून द्यावे, आजारपणात धावून जावे. तिसरी, जवळच्या कारखान्याच्या तळावर जाऊन कोपीतील मुलांची नावे तेथल्याच शाळेत दाखल करवावी. कायद्याने तो त्यांचा हक्क आहे. यात जातीचा किंवा धर्माचा भेद नसावा. कोणी मूल फारच खिन्न दिसल्यास त्यास जाणत्या वैद्याकडे नेण्याची लाज धरू नये.

तथापि एवढ्याने ऋण फिटणार नाही. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच सांगितले आहे की, मजुरी कामकऱ्याच्या निर्वाहास पुरेल अशी असली पाहिजे. आपणांपैकी कित्येकांचा ऊस याच हातांनी तोडला जातो. त्यांच्या मजुरीचा प्रश्न निघेल तेव्हा आपण कोणत्या बाजूस उभे राहणार, हे आजच मनाशी ठरवावे. मुलास दान द्यावयाचे आणि बापास न्याय नाकारावयाचा, ही रीत ख्रिस्ताच्या अनुयायांस शोभत नाही.

महोत्सवनिधीतून जी रक्कम शिल्लक राहील, ती संगमरवरी फरशीऐवजी या अभ्यासगृहासाठी खर्चावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. फरशी पुढेही बसविता येईल. आज आठ वर्षांचे असलेले मूल मात्र आपल्यासाठी आठ वर्षांचे राहणार नाही. बालकांस जवळ बोलावणारा प्रभू येशू आपणां सर्वांस सुबुद्धी देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.