डोक्यावरचा पंखा

बेळगाव हे थंड हवेचे गाव अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत होती आणि ती खोटी नव्हती. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या या गावात छताचा पंखा ही चैनीची वस्तू मानली जाई. आज मात्र चैत्र-वैशाखात बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही पंख्यावाचून दुपार निघत नाही. पंख्याबरोबर येणारे माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते आणि खोक्याबरोबरच अडगळीत जाते. म्हणून पंखा कसा टांगावा, कसा वापरावा आणि बिघडल्यास काय करावे, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा आजचा विचार आहे.

निपाणीला आमच्या एका नातलगांच्या जुन्या घरात मधल्या खोलीचा पंखा वर्ष-दीड वर्ष डुलत होता. वारा उत्तम येतो, मग डुलेना का, असे सर्वजण म्हणत. एका दुपारी तो कडीसकट खाली आला, तो थेट मुलांच्या कॉटवर. मुले त्या वेळी शाळेत होती, एवढेच दैव. मागाहून पाहिले तेव्हा कळले की कडी तुळईत नव्हतीच. ती शेजारच्या वाशात पिळून बसवलेली होती आणि तो वासा आतून वाळवीने पोखरलेला होता. पंख्यात दोष नव्हता. दोष होता तो आधारात.

छताच्या पंख्याचे वजन साधारणतः चार ते सहा किलो असते. हे वजन नुसते लोंबत नाही; मिनिटाला तीनशेहून अधिक फेरे घेत कडीला सतत हिसके देत असते. म्हणून कौलारू घरात पंखा वाशाला, रिपेला किंवा तक्तपोशीच्या फळीला कधीही टांगू नये; तो तुळईलाच टांगावा. तुळईवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, किंवा पेचकस सहज आत गेला, तर ते लाकूड निकामी समजावे. कौलांतून पाणी गळून तुळईवर काळे डाग पडले असतील तर आधी गळती थांबवावी. पिळून बसवायच्या कडीपेक्षा तुळईतून आरपार गेलेला, वरच्या बाजूस रुंद पट्टी व दोन नट असलेला बोल्ट अधिक खात्रीचा. सिमेंटच्या छतात कडी स्लॅब ओतताना सळ्यांना अडकवूनच ठेवलेली असावी. कडी कोणतीही असो, पंखा चढवण्यापूर्वी तिला पाण्याने भरलेल्या दोन बादल्या रात्रभर टांगून पाहाव्यात.

कडीला पंख्याची दांडी अडकते ती रबरी रिळातून व बोल्टाने. त्या बोल्टाच्या टोकाला एक लहानशी दुभंगलेली पिन असते. ती घालून तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवावेत. नट सैल झाला तरी बोल्ट निसटू नये, एवढ्यासाठीच ती असते. पण घाईत तीच खिशात राहून जाते. पाती जमिनीपासून निदान आठ फूट, शक्यतो नऊ फूट उंच असावीत आणि छतापासून फूटभर खाली. उंची मोजताना कॉटवर उभ्या राहिलेल्या मुलाचा वर केलेला हात ध्यानात घ्यावा.

आता विजेविषयी. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करावा. ज्या घरी इन्व्हर्टर आहे तिथे तेवढ्याने भागत नाही. इन्व्हर्टरही बंद केला पाहिजे. लाईट गेली आहे तोवर हात घालू, असे म्हणणे तर सर्वांत घातक, कारण ती केव्हा येईल याचा नेम नसतो. तारांना टेस्टर लावून खात्री करावी. बटण नेहमी फेजच्या तारेवर असावे. ते न्यूट्रलवर असले तर बटण बंद करूनही पंख्यात वीज राहते. हिरवी अर्थिंगची तार पंख्याला जोडलीच पाहिजे, आणि फळीवर तीस मिलीअँपियरची गळती-रोधक कळ बसवून घ्यावी. खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नये. शिडी घ्यावी आणि ती धरायला माणूस उभा करावा.

पंखा बिघडल्याची लक्षणे ओळखावीत. तो गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा फारच मंद फिरतो, तर बहुधा कॅपॅसिटर खराब झालेला असतो. तो स्वस्तात बदलता येतो; मात्र जुन्यावर छापलेल्या क्षमतेचाच नवा घ्यावा, आणि जुन्यात वीज साठून राहत असल्याने तो वायरमनकडूनच काढून घ्यावा. पंखा डुलत असेल तर तो बंद करून प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचे अंतर काठीने मोजावे. अंतरात फरक निघाला तर पाते वाकले आहे किंवा त्याचे स्क्रू ढिले झाले आहेत. एका पंख्याची पाती दुसऱ्याला लावू नयेत. ती वजन जुळवून दिलेली असतात. खरखर येत असेल तर बेअरिंग झिजले असेल. जळका वास आला, किंवा अंगाला झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करावा आणि दुरुस्तीपर्यंत पंखा लावू नये.

नवा पंखा घेणाऱ्यांसाठी एक सूचना. जुना पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट वीज खातो. हल्लीचे बीएलडीसी पंखे तीस वॅटच्या आसपास भागवतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे चिन्ह सक्तीचे झाले आहे, ते पाहून घ्यावे. मात्र बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर लावू नये.

तारांचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. खांबावरून येणाऱ्या विजेत बिघाड असेल तर हेस्कॉमच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. बाकीचे आपल्या हातचे आहे. होळी-पाडव्याच्या सुमारास, हिवाळाभर बंद असलेला पंखा पुन्हा सुरू करण्याआधी, मेन स्विच बंद करून शिडीवर चढावे. पाती न वाकवता पुसावीत, वरची वाटी खाली सरकवून कडी, नट आणि ती लहानशी पिन डोळ्यांनी पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्या कॉटवर आपली मुले झोपतात तिच्या वरच्या पंख्यापासून आरंभ करावा, एवढेच माझे सांगणे आहे.