पाण्याची सरकती हद्द



३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढले आणि एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला.

अशा लोंढ्याचे गणित मांडता येते. ओढ्याचे लहान भाग पाडून क्षणाक्षणाला पाण्याची उंची काढीत जायचे. अडचण अशी की, पाण्याची हद्दच पुढे सरकते. तिच्याबरोबर भागही सरकवता येतात. मागच्या क्षणावरून पुढचा काढण्याच्या सरळ रीतीसाठी कूरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी १९२८ साली एक अट सांगितली : कालाच्या एका टप्प्यात लाटेने एकाहून अधिक भाग ओलांडता कामा नये. मीटरभर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर. प्रवाहाचे ३ मिळवले की ६. भाग ६ मीटरचे व स्थिर असतील, तर टप्पा १ सेकंदाहून मोठा नको. भाग सरकत असतील, तर लाटेचा वेग त्यांच्या सापेक्ष धरावा. घाईने १० सेकंदांचा टप्पा घेतला, तर चुका फुगत जाऊन उत्तर निरर्थक ठरते.

मित्रहो, वर्गात हे उदाहरण जरूर सोडवा. सेकंदाला ६ मीटर म्हणजे ६० मीटरवरचा लोंढा १० सेकंदांत पायाशी. सहलीला निघण्यापूर्वी हा हिशेब घरच्यांनाही सांगा.