पकड कुणाच्या नावावर?

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्र आणि आपण'. मी हो म्हटलं. पण गेल्या महिन्याभरात आपले जे जे लोक भेटले, त्यांतल्या एकानेही मला संगणकाबद्दल अक्षर विचारलं नाही. सगळ्यांचं एकच, यू मुंबाने लिलावात पैसे कुठे घालायला हवे होते? तेव्हा समितीची माफी मागून मी विषय बदलते. बाई, विषय सोडून लिहिलं की तुम्ही निबंधाला भोपळा द्यायच्यात, ते लक्षात आहे. आज तेवढं चालवून घ्या.

आमची सात-आठ जणांची टोळी आहे. प्रो कबड्डीचा लिलाव असला की लालबागला आपल्यातल्याच एकाच्या घरी जमायचं. दीड खोली, एक टीव्ही, वडे आणि वाद. त्यात एक बँकेतला, एक बेस्टमधला, एक शाळेत गणित शिकवणारी. मी लॅपटॉप घेऊन जाते, म्हणून मला हे लोक 'चिटणीस' म्हणतात. प्रत्येक संघाची पर्स किती, किती खर्च झाली, किती उरली, हा तक्ता मी ठेवते. ज्यांना कबड्डी म्हटलं की फक्त मधल्या सुट्टीतला दंगा आणि फाटलेला खिसा आठवतो, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला ५ कोटींची पर्स होती. त्यात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख. म्हणजे एकावर उधळलं की दुसऱ्याचं ताट रिकामं. आपल्या आईने गिरणीच्या पगारात जसा महिना काढला, तसंच हे गणित आहे.

आमच्यात दोन पक्ष आहेत, चढाईवाले आणि पकडवाले. मी जन्मापासून पकडवाली.

सगळ्यात जुनं भांडण सिद्धार्थ देसाईवरून. चंदगडकडचा मुलगा. २०१८ ला मुंबईने ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण काढले. पुढच्या वर्षी मुंबईने त्याला सोडलं आणि तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. बेस्टवाला आजही हे सांगताना हातातला वडा खाली ठेवतो. मुंबईने राखला कोण, तर फजल अत्राचली, इराणचा, डावा कोपरा. त्याच्यावर २०१८ मध्येच ४ कोटींच्या पर्समधला १ कोटी घातला होता. चौथा हिस्सा एका कोपऱ्यावर! मी म्हणते, बघा, २०१९ ला सिद्धार्थ असून टायटन्स पहिल्या सहात नव्हते आणि आपण उपांत्य फेरीत होतो. यावर तो म्हणतो, उपांत्य फेरीत बंगालकडून ३५-३७ हरलो. दोन गुण, बाई, दोनच गुण, ते कोण आणणार होतं? याला माझ्याकडे उत्तर नाही. गेली काही वर्षं नाही.

पण २०२३ चं उत्तर आहे. पवन सेहरावतला टायटन्सनी २ कोटी साडेसाठ लाखांना घेतलं. पर्सचा निम्म्याहून मोठा वाटा एका माणसावर. पवन खेळला, चांगला खेळला. संघ २२ सामन्यांत २ जिंकला आणि शेवटचा आला. त्याच हंगामात पुण्याने इराणच्या शादलूईवर २ कोटी ३५ लाख घातले, म्हणजे उधळपट्टी त्यांनीही केली, पण त्याच्याभोवती अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी आधीपासून एकत्र खेळलेली पोरं होती आणि मध्ये अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत ही मध्यरक्षकांची जोडी. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ हरवून पुणे जिंकलं. लालबागच्या घरात पुण्याचं कौतुक करायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

आता माझा खरा मुद्दा. यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत होती. २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये जयपूरकडून हरली, २०१५ ला तिथेच बेंगळूरुला ३६-३० हरवून जिंकली, २०१६ च्या मार्चमध्ये दिल्लीत पाटण्याकडून ३१-२८ अशी हरली. २०१५ चा तो सामना मी तिथे बसून पाहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा आवाज बसलेला होता आणि मी सर्दी झाल्याचं सांगितलं. लोकांना त्या संघातले अनुप कुमार आणि आपला रिशांक देवाडिगा आठवतात. आठवायलाच हवेत. पण मागे चौकट होती ती अशी: सुरेंदर नाडा डावा कोपरा, मोहित छिल्लर उजवा कोपरा, आणि मध्ये जीवा कुमार आणि विशाल माने. चौथ्या हंगामाआधी लिलाव झाला. मोहित ५३ लाखांना बेंगळूरुला गेला, त्या वर्षीची सगळ्यात मोठी बोली. नाडाही तिकडेच. विशाल मानेही गेला. राहिला जीवा. आणि त्या वर्षी मुंबई पहिल्यांदाच पहिल्या चारांत आली नाही. गंमत पुढे आहे. दोन्ही कोपरे घेतलेलं बेंगळूरुही आलं नाही.

चढाईवाले म्हणतात, योगायोग. मी म्हणते, कोपरे विकत घेता येतात, कोपऱ्याच्या शेजारचा हात घेता येत नाही.

जरा खेळातलं सांगते. कोपऱ्यातली खेळाडू चढाईवालीच्या घोट्यावर झेप घेते. ती झेप घ्यायच्या आधी ती शेजारणीच्या हातावर आपलं वजन टाकून बाहेर झुकलेली असते. शेजारणीने हात अर्ध्या क्षणानं लवकर सोडला तर कोपरा तोंडावर. उशिरा सोडला तर झेपच नाही. आणि घोटा हातात आला तरी चढाईवाली मध्यरेषेकडे फरफटत नेतेच. तेव्हा मधल्या खेळाडूने खांदा घालून दार लावायचं असतं. हे तिघींचं काम. गुणफलकावर नाव लागतं एकीचं. लिलावात जी किंमत ठरते ती गुणफलक बघून.

हे आजचं नाही. आपल्या वडिलांच्या काळात लिलाव नव्हता, नोकरी होती. दादर-परळच्या एखाद्या क्लबचा पोरगा चमकला की बँक, रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, महिंद्रा, कुणीतरी नोकरी द्यायचं आणि मग तो व्यावसायिक गटात त्यांच्याकडून उतरायचा. प्रभादेवीच्या कामगार क्रीडा भवनात असे सामने बघून आले की चाळीच्या गॅलरीत रात्री बारापर्यंत हाच वाद: अमक्याला चिकटवलं, तमक्याला का नाही? माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. ते म्हणायचे, चढाईवाल्याला साहेब ओळखतो, मधल्याला फक्त कोपरेवाला ओळखतो. नोकरीची चिठ्ठी साहेब लिहितो.

हे मी लहानपणापासून ऐकत होते. आणि तरी मी काय केलं, ते सांगायलाच आज उभी आहे.

आपल्या मुलींच्या संघात मी डावा कोपरा होते, हे काहींना आठवत असेल. आठवीत मला उत्कृष्ट पकडीचा कप मिळाला. माझ्या उजव्या हाताला, लेफ्ट इनला, आपल्याच वर्गातली एक जण असायची. ती आज इथे आहे. हे सांगू का म्हणून मी तिला विचारलंय. ती म्हणाली, सांग, पण नाव घेतलंस तर मी उठून जाईन. तेव्हा नाव नाही. तुम्ही मागे वळून बघू नका.

तिच्या घरी हाफ पँटवरून रोज कटकट व्हायची. ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, वर सेफ्टी पिन लावून खेळायची. बोलायची नाही. तिचा हात मात्र असा होता की मी डोळे मिटून बाहेर झुकायचे.

नववीत मी कप्तान झाले. मी तेव्हाही चिटणीसच. दोनशे पानी वहीत प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येकीचे गुण मांडून ठेवायचे. परळच्या कामगार मैदानावर आंतरशालेय अंतिम सामना होता. सर आले आणि म्हणाले, सात तू निवड. मी आदल्या रात्री वही उघडली. तिच्या नावापुढे सात सामने, सात शून्यं. 'ब' तुकडीत एक उंच मुलगी होती, चढाईत गुण आणायची. मी हिला काढलं आणि तिला घेतलं. वही बघून, अगदी न्यायाने. आज आमच्याकडे ज्याला 'आकड्यांवर आधारित निर्णय' म्हणतात आणि ज्याला टाळ्या पडतात, तो मी चौदाव्या वर्षी घेतला होता.

पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा बाद झाले. तिन्ही वेळा कोपऱ्यातूनच. नव्या मुलीचा दोष नव्हता; तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हात किती वेळ धरायचा. मलाही माहीत नव्हतं. ते फक्त हिला माहीत होतं, आणि ही मैदानाच्या कडेला आम्हा सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं सांभाळत बसली होती. आम्ही तीन गुणांनी हरलो. परत येताना मी सगळ्यांना काय काय बोलले ते मला आठवतं. तिला काही बोलले नाही, ते जास्त आठवतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सरावाला आली नाही. मी विचारायला गेले नाही. दहावी आली, मग कॉलेज, मग इंजिनीअरिंग, आणि दरवर्षी गणपतीत लालबागच्या गर्दीत लांबून हात करायचा, एवढंच उरलं.

गेल्या वर्षी ऑफिसात माझ्या हाताखालच्या दहा जणांचं वार्षिक मूल्यमापन मला करायचं होतं. त्यात एक बाई आहेत, ज्यांच्या नावावर वर्षभरात दाखवण्यासारखं काही नाही, पण त्या रजेवर गेल्या की तीन जणांची कामं अडतात. तक्त्यात त्यांच्यापुढे मी जवळजवळ शून्य लिहिलंच होतं. लॅपटॉप बंद केला आणि त्या रविवारी हिच्या घरी गेले. तीस वर्षांनी. शिवडीला राहते. काय बोलायचं ते लोकलमध्ये चार वेळा पाठ केलं होतं. दारात उभी राहिले तर तीच म्हणाली, "अगं, चपला आत घे, इथून जातात."

माफी मागून झाली. ती म्हणाली, "मला माहीत होतं तू वही बघून काढणार. मी आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या डबा नको." एवढंच. मग तिने पोहे केले.

आता तीही लालबागच्या टोळीत असते. तिने माझ्या तक्त्यात एक नवा रकाना घालायला लावलाय: 'हात कुणाचा होता'. यू मुंबाच्या पहिल्या हंगामांतले सामने मिळवून आम्ही शनिवारी दोघी बसतो, प्रत्येक पकड थांबवून, मागे नेऊन बघतो आणि खूण करतो. आकडे मात्र मी आज सांगणार नाही. आमचंच जुळत नाही. एकच पकड, मी म्हणते मोहितची, ती म्हणते, मोहित आता आला, चढाईवाला आधीच अडला होता, जीवाचा खांदा बघ. पुन्हा मागे नेतो. कधी कधी तिचं बरोबर असतं. बेस्टवाला म्हणतो, या वेगाने तुमचा तक्ता निवृत्तीपर्यंत पुरा होत नाही.

ती वही मला आईकडे, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. तिला दाखवली. सात शून्यं तिने बोट ठेवून मोजली आणि म्हणाली, "सात सामने खेळले मी? मला पाचच आठवतात."

वही बाहेर नाव नोंदवायच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना आपापले गुण बघायचेत त्यांनी जेवणाआधी बघून घ्या. श्रीखंडाचे हात लावू नका.