तातडीच्या वैद्यकातील संशोधन : वाचायचे कोणी, पैसे भरायचे कोणी

अपघातात जखमी होऊन मोठा रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत मिळाले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. तीन तास उलटून गेल्यावर दिले, तर तेच मृत्यू वाढू शकतात. हे ज्ञान ‘क्रॅश-२’ या चाचणीतून हाती आले. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेने तिचे संयोजन केले. ४० देशांतील २७४ रुग्णालये आणि २०,२११ रुग्ण तिच्यात सहभागी झाले; त्यात भारतातील रुग्णालयेही होती. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : औषध मिळालेल्यांत एकूण मृत्यू १४.५ टक्के, न मिळालेल्यांत १६ टक्के. औषध १९६० च्या दशकात जपानमध्ये ओकामोतो दांपत्याने शोधलेले, म्हणजे जुने आणि स्वस्त.

मात्र या चाचणीत दुखापतीनंतर आठ तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते आणि २०१० च्या गोषवाऱ्यात तोच आकडा आहे. तीन तासांची मर्यादा ठळकपणे पुढे आली ती २०११ च्या दुसऱ्या निबंधात. फक्त पहिला गोषवारा वाचून थांबलेला डॉक्टर पाचव्या तासालाही हे इंजेक्शन निर्धास्तपणे देईल. गोषवारा सर्वांना फुकट आणि पूर्ण निबंध वर्गणीदारांना, ही विभागणी इतर शाखांत गैरसोयीची असेल. कॅज्युअल्टीत ती धोक्याची आहे. मात्रा किती, कोणते रुग्ण वगळले, उपचार कोणत्या घटकेला सुरू झाला, हे सारे निबंधाच्या पोटात असते. शिवाय असा रुग्ण पहिल्यांदा पोहोचतो तो महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथे जर्नलांचे ग्रंथालय नसते.

१४ फेब्रुवारी २००२ रोजी जाहीर झालेल्या बुडापेस्ट घोषणेने ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणजेच खुल्या प्रकाशनाची व्याख्या केली. संशोधन कोणालाही विनामूल्य वाचता यावे, उतरवून घेता यावे, वाटता यावे. श्रेय मात्र मूळ लेखकाला मिळावे. त्यामागचा युक्तिवाद साधा होता. संशोधनाचा खर्च बहुधा जनतेच्या पैशातून होतो, लेखक व समीक्षक मोबदला घेत नाहीत, तरीही छापून आलेला निबंध विकत घ्यावा लागतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २००८ पासून आपल्या अनुदानातून झालेले निबंध ‘पबमेड सेंट्रल’ या खुल्या भांडारात ठेवणे सक्तीचे केले, पण प्रकाशकांना बारा महिन्यांची मुदत दिली. १ जुलै २०२५ पासून तीही मुदत संपली. उपचाराची संधीच जिथे तीन तासांची, तिथे वर्षभराची ही प्रतीक्षा सतरा वर्षे चालू राहिली, याचे समर्थन करणे कठीण आहे.

ज्ञान नेहमी लंडनहून तालुक्याकडे येते असे नाही. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही गोळी विषाच्या परिणामांनाच अडवते, हे त्यांनी दाखवले. गंभीर दंशात पूर्वी २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे पत्र छापले गेले तेव्हा कोकणातल्या डॉक्टरला ते अंक मिळणे दुरापास्त होते. २०११ साली विंचवाच्या प्रतिविषासह प्राझोसिन आणि नुसते प्राझोसिन यांची ७० रुग्णांवरील तुलना ‘बीएमजे’मध्ये आली, ती मात्र खुली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ९१.४ टक्के आणि दुसऱ्या गटात २२.९ टक्के होते. हे आकडे आज महाडमध्ये आणि मोरोक्कोत सारख्याच सहजतेने वाचता येतात.

खुलेपणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘सोनेरी’ म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत लेखक किंवा त्याची संस्था शुल्क भरते आणि मोठ्या नियतकालिकांत ते लाखांच्या घरात जाते. गरीब देशांतील लेखकांना सूट असते, पण ती देताना प्रकाशक बहुधा ज्या यादीचा आधार घेतात तिच्यात भारत बसत नाही. त्यामुळे वाचनाची अडचण सुटलेला तालुक्याचा डॉक्टर लेखनाच्या वेळी अडतो. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही याच व्यवहारावर पोसली गेली. शुल्क वाचकाकडून काढून लेखकावर टाकणे ही अर्धीच सुधारणा म्हणावी लागेल.

पुरी सुधारणा मुंबईत घडलेली आहे आणि तिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते. बुडापेस्ट घोषणेच्या सुमारासच ते इंटरनेटवर विनामूल्य झाले, तेही लेखकाकडून शुल्क न घेता. त्यामागे बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘मेडनो’ ही संस्था होती. छापील अंकाची वर्गणी व जाहिराती यांवर खर्च भागवायचा आणि इंटरनेटवरची आवृत्ती सर्वांना मोकळी ठेवायची, हा तिचा मार्ग. अपघात व तातडीच्या उपचारांना वाहिलेले ‘जर्नल ऑफ इमर्जन्सीज, ट्रॉमा अँड शॉक’ २००८ मध्ये याच संस्थेतून निघू लागले. २०११ साली ‘मेडनो’ वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली. सार्वजनिक पैशातून अशी संस्था उभी राहणे शक्य होते. तसे झाले नाही.

भारत सरकारने २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, खासगी दवाखाना, २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेतला डॉक्टर हे तिच्या कक्षेबाहेर राहतात. वर्गणीने वाचन मिळते, पुनर्वापराचा हक्क मिळत नाही. निबंधातील उपचारक्रमाचा तक्ता मराठीत करून केंद्राच्या भिंतीवर लावायचा, तर परवाना तशी मुभा देणारा हवा. ‘क्रॅश-२’नंतरच्या, त्याच औषधाच्या ‘क्रॅश-३’ या चाचणीचा २०१९ चा निबंध अशाच परवान्याखाली निघाला. त्याचे भाषांतर आणि वाटप करण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. मूळ लेखकांचा व परवान्याचा उल्लेख आणि केलेल्या बदलांची नोंद पुरते.