मोटारीचे धुराडे आणि शेजाऱ्याची झोप



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी अशा व्यासपीठांवर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, आरोग्य असे नाना विषय बोलले गेले. मोटारीच्या सायलेन्सरला तेथे क्वचितच जागा मिळाली असेल. चालकांना मी विषय कळविला, तेव्हा त्यांनाही थोडे हसू आले. परंतु ज्या वस्तूपायी आपल्या खिशातले पैसे जातात, आपल्या मुलांच्या छातीत धूर जातो आणि शेजाऱ्याची झोप मोडते, ती वस्तू व्यासपीठावर आणण्यास संकोच का वाटावा?

शिवाय आपण जालन्याचे लोक. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवून त्याच्या सळया करतात. गंजून गळून पडलेल्या सायलेन्सरची अखेर अशाच एखाद्या भट्टीत होते. तेव्हा त्याच्या जन्माची आणि आयुष्याची हकिकत आपणांस ठाऊक असणे बरे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतःच्या मोटारीचे स्वप्न पडू लागले. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण तिच्या जातीच्या छोट्या मोटारी आज तालुक्याच्या गावीही दाराशी उभ्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा कोठेही जा. शिक्षक, दुकानदार, मोसंबीचा बागाईतदार अशी माणसे काटकसर करून अशी गाडी घेतात. मग एके दिवशी गाडीखालून फटफट असा आवाज येऊ लागतो. मेस्त्री खाली वाकून पाहतो आणि म्हणतो, "साहेब, सायलेन्सर गेला." आणि विचारतो, "ओरिजिनल टाकू, का लोकल चालेल?" आजचे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजा.

प्रथम हे धुराडे करते काय, ते पाहू. तीन सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला एकंदर साडेचार हजार, सेकंदाला पंचाहत्तर. प्रत्येक स्फोटानंतर तप्त वायूचा एक लोट बाहेर उसळतो. हे लोट प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात, तेथून नळीने मागे जातात, नव्या मोटारीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून गाळले जातात आणि शेवटी सायलेन्सरच्या डब्यात शिरतात. डब्यात आडव्या भिंती, भोके पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. काही डब्यांत काचतंतूची लोकर भरलेली असते. ती आवाज पिऊन घेते. ढोलात गोधडी कोंबली तर तो जसा मुका होतो, तसेच हे.

मग असा हा डबा कुजतो का? त्याचे उत्तर गमतीचे आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! लांबच्या प्रवासात सारी नळी तापते आणि ते वाफ होऊन निघून जाते. परंतु घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून मंडईपर्यंत अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा डबा पुरता तापतच नाही. वाफ आत थिजते, धुरातली आम्ले तिच्यात मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग ठाकठीक, आत चाळण! म्हणून वर्षानुवर्षे जपून, थोडीथोडी चालविलेल्या गाडीचा सायलेन्सर आधी जातो आणि मालक मेस्त्रीवर उगाच संशय घेतो. पुष्कळ डब्यांच्या तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, ते याच पाण्यासाठी. ते गळतीचे समजून वेल्डिंगने बुजवू नये.

आता सायलेन्सर बदलावयास येणाऱ्या माणसांचे तीन प्रकार आहेत. पहिला, ज्याचा खरोखर कुजला आहे तो. दुसरा, ज्याला आवाज हवा आहे तो. आणि तिसरा, ज्याला कोणीतरी सांगितले आहे की, "कन्व्हर्टर काढून टाका, गाडी मोकळी पळेल."

पहिल्या माणसाबद्दल माझ्या मनात पूर्ण सहानुभूती आहे. जुन्या गाडीला कंपनीचा अस्सल भाग घालणे त्याला नेहमीच झेपत नाही, आणि बाहेरच्या कारखानदाराचा भाग घेण्यात काही पाप नाही. पाहावयाचे ते एवढेच की भाग त्याच गाडीसाठी, त्याच मापाचा, तितकाच आवाज दाबणारा असावा. हातात घेऊन वजन पाहावे; पातळ पत्र्याचा डबा हलका लागतो. शिवण सरळ आणि अखंड आहे का, ते पाहावे. नुसता काळा रंग दिलेला साधा पत्रा लवकर जातो. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला त्याहून टिकतो. स्टेनलेस स्टीलचा सर्वांत अधिक, पण महाग. नळीतून आरपार उजेड दिसला आणि आत कप्पाही नाही, लोकरही नाही, तर तो सायलेन्सर नव्हे, नुसता पाइप आहे असे समजावे.

बसविण्याची रीतही सांगतो, कारण चांगला भाग वाईट बसविला तर वाईटच ठरतो. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणीही शिरू नये. भक्कम घोड्यांवर ती टेकवावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी तेल सोडावे. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. ज्या बचतीने काम दोनदा करावे लागते, ती कसली बचत? टांगणीची रबरे चिरली असतील तर तीही बदलावीत, कारण रबर तुटले की सारा भार जोडावर येतो आणि नवा भाग तडकतो. सर्व जोड प्रथम सैल ठेवून नळी टांगावी, ती पेट्रोलच्या टाकीपासून, ब्रेकच्या नळ्यांपासून आणि तळापासून पुरेशी दूर आहे हे पाहावे, आणि मग पुढून मागे क्रमाने आवळत जावे. उष्णता अडविणारा पत्रा "खडखडतो" म्हणून पुष्कळदा काढून फेकतात; तो परत बसवावा. गाडीवरच वेल्डिंग करावयाचे असेल तर आधी बॅटरीची तार सोडवावी, नाहीतर नव्या गाडीतला नाजूक कॉम्प्युटर बिघडू शकतो. थोडे दिवस गाडी चालली की जोड पुन्हा एकदा तपासावेत.

गळती ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नव्या गाड्यांच्या नळीत प्राणवायू मोजणारा एक सेन्सर असतो. त्याच्या पुढच्या बाजूला फट राहिली की वायूच्या दोन लोटांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते, पेट्रोल कमी पडते आहे. कॉम्प्युटर अधिक पेट्रोल सोडतो आणि मायलेज घसरते. पण पैशाहून मोठा धोका पुढे आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक जोराने धरून ठेवते. तळ गंजलेला, खाली नळी फुटलेली आणि काचा बंद, अशा गाडीत मागे झोपलेल्या मुलाला तो गुपचूप गाठू शकतो. प्रवासात डोके दुखणे, मळमळणे याला नेहमी गाडी लागणेच समजू नका. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्या पोरसवदा हेल्परला आधी बाहेर काढा.

आता दुसरा गृहस्थ, ज्याला आवाज हवा आहे. हा बहुधा तरुण असतो, आणि तरुणांवर रागावून व्याख्यान संपविणे सोपे असते. मी ते करणार नाही. यंत्राचा आवाज माणसाला आवडतो, यात अस्वाभाविक काही नाही. त्याला मी एवढेच विचारीन की, बाबा रे, तुला ताकद हवी आहे की ताकदीचा भास? छोट्या मोटारीत नुसता मागचा डबा बदलून मिळणारी वाढ बहुधा चालवणाऱ्याला जाणवण्याइतकीही नसते. उलट नळी प्रमाणाबाहेर रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, आणि कमी फेऱ्यांवर इंजिनाचा जो जोम गर्दीत आणि चढावर लागतो तोच उणावतो. शर्यतीच्या मोटारीत धुराडे बदलतात हे खरे. पण तेथे व्हॉल्व्ह, कॅम, इंधनाचे गणित सारेच त्यासोबत बदललेले असते. पैलवानाचा लंगोट नेसल्याने कोणी पैलवान होत नाही. गाडी गरजते म्हणून ती पळते असे कानाला वाटते. घड्याळ लावून पाहिले की खरे काय ते कळते.

तिसऱ्या गृहस्थाची गोष्ट अधिक गंभीर आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे चिनीमातीसारख्या पदार्थाचे मधाचे पोळे. त्याच्या बारीक छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी विरळ थर असतो. तीनएकशे अंश तापला की तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड करतो, अर्धवट जळलेले पेट्रोल पुरते जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन करतो. आपल्या देशात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसे त्याचा घात करते. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० सालापासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. एका डब्याने एका देशाचे पेट्रोल बदलायला लावले, आणि आपण तो डबा काढून भंगारात द्यावा?

कन्व्हर्टर तुंबतो, हेही खरे. पण तो सहसा आपोआप तुंबत नाही. प्लग चुकत असेल, इंजिन ऑइल जाळत असेल, तर न जळालेले इंधन त्यात जाऊन पेटते आणि पोळे वितळते. मूळ रोग तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर घातला तर तोही जातो. आणि एक व्यवहाराची सूचना: काढलेला जुना भाग मेस्त्रीकडून मागून घ्यावा. त्यातल्या धातूंना किंमत आहे. प्रामाणिक मेस्त्री तो न मागताच समोर ठेवील.

आपल्या शेतकरी जिल्ह्यासाठी आणखी एक इशारा. कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली तापलेला असतो. वाळलेले गवत, कडबा, रस्त्यावर मळणीला पसरलेले काड यांवर गाडी उभी करू नये, आणि पोटाला गुंतलेले काड काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडीही जाते आणि खळेही जाते.

कायदा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाजाची व धुराची मर्यादा मोडून गाडी चालविणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि लायसन्सही तीन महिने जाते. कुजलेल्या भागाच्या जागी त्याच गुणाचा भाग बसविणाऱ्याला यात भिण्याचे कारण नाही. पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोलर फिरविला, ते बहुतेक मोटारसायकलींचे होते. पण न्याय सर्वांना एकच.

तथापि दंडाच्या भीतीने आलेले शहाणपण चौकातला पोलीस दिसेनासा झाला की संपते. म्हणून मी शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या परिसरात दिवसा ५० आणि रात्री ४० एवढीच. डेसिबलचे गणित साधे नाही: दहाने आकडा वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते, विसाने वाढला की शंभरपट. रात्री अकरा वाजता गल्लीतून एक गाडी गरजत गेली की चालविणाऱ्याची मौज अर्ध्या मिनिटाची. पण तेवढ्यात तान्हे मूल दचकून उठते, भट्टीवर राबून आलेला कामगार जागा होतो, आणि महत्प्रयासाने डोळा लागलेला रुग्ण पुन्हा छताकडे पाहू लागतो. यांपैकी कोणीही त्याच्याकडे तक्रार घेऊन जाणार नाही. जे तक्रार करणार नाहीत त्यांचा विचार आपण होऊन करणे, यालाच नागरिकत्व म्हणतात.

समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावचा. प्रयत्न आणि विवेक ही जोडी त्यांनी महाराष्ट्राला शिकविली. आपल्या मेस्त्रींच्या हातात प्रयत्न भरपूर आहे. पान्याला पाना लावून ते कोणतीही गाडी चालू करून देतात. त्यांना कोणते काम सांगावयाचे, हा विवेक मात्र मालकाचा. "ओरिजिनल, का लोकल?" या प्रश्नाला माझे उत्तर असे: खिशाला झेपेल ते घाला, पण मापाचे घाला, गळती ठेवू नका, कन्व्हर्टरला हात लावू नका, आणि गाडी दारातून निघाली हे घरच्यांखेरीज कोणाला कळणार नाही इतकी ती शांत असू द्या.