ब्रिज : पंधरा शब्दांची भाषा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



सेक्रेटरींनी मला ‘बँकिंग : काल आणि आज’ असा विषय सुचवला होता. मी म्हटलं, अहो, ३६ वर्षं मी ते केलं ती माझी नोकरी होती, पण ऐकणाऱ्यांनी काय गुन्हा केलाय? त्यापेक्षा ब्रिजवर बोलतो. दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात चार म्हातारे दार लोटून बसतात आणि आतून ना हसण्याचा आवाज येतो ना भांडणाचा. आत नक्की काय चालतं, अशी शंका बऱ्याच जणांना आहे. ए विंगमधल्या एका छोट्याने मागे खिडकीतून डोकावून घरी जाऊन सांगितलं होतं, “आजोबा लोक रुसून पत्ते खेळतात.”

तर आम्ही रुसलेले नसतो. त्या खेळात बोलायला बंदी असते.

तुम्हाला मेंढीकोट येतो? तीनशे चार येतो? मग निम्मा ब्रिज तुम्हाला आलाच. चार जण, समोरासमोरचे भिडू, ५२ पानं, प्रत्येकाला १३. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान द्यायचं, नसेल तर हुकूम मारायचा नाहीतर दुसरं काही टाकायचं. चार पानांचा एक हात, असे एकूण १३ हात. फरक मुख्य दोन आहेत. एक म्हणजे डमी. पहिली उतारी झाली की खेळणाऱ्या जोडीतला एक जण आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याची पानंही त्याचा भिडूच खेळवतो. डमीने सल्ला द्यायचा नाही, सुस्कारा सोडायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. भिडू डोळ्यांदेखत डाव बुडवत असला तरी नाही. हे किती कठीण आहे ते ज्यांच्या शेजारी बसून कोणी गाडी चालवतं त्यांना सांगायला नको.

दुसरा फरक बोलीचा. खेळायला सुरुवात करण्याआधी लिलाव होतो. कोणता रंग हुकूम करून आम्ही किती हात करू, ते बोलायचं. सहा हात गृहीत धरलेले असतात, म्हणून ‘वन स्पेड’ म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून सात हात. बोली चढत जाते; किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांच्या वर नो ट्रंप, म्हणजे हुकूमच नाही. आता या लिलावात तुम्हाला किती शब्द वापरायची परवानगी आहे? एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रंप, पास, डबल, रिडबल. मोजा, १५ होतात. एका माणसाच्या हातात येऊ शकणाऱ्या १३ पानांचे प्रकार आहेत ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. आणि ते भिडूला सांगायला शब्द पंधरा! ब्रिजची सगळी गंमत या हिशेबात आहे.

म्हणून संकेत ठरवलेले असतात. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. साधारण १२-१३ गुण असले की बोली उघडायची. दोघांचे मिळून पंचवीस-सव्वीस होत असतील तर गेम बोलायचा, म्हणजे इस्पिक-बदामात १० हात, नो ट्रंपमध्ये ९, किल्वर-चौकटीत ११. गेमला घसघशीत बोनस. पण बोललात आणि झाला नाही तर दंड, आणि होत असून बोलला नाहीत तर बोनस गेला. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच कळतं. जास्त कर्ज मंजूर केलं तर एनपीए, कमी केलं तर गिऱ्हाईक समोरच्या बँकेत. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाने १९२५ साली जहाजाच्या प्रवासात ही गुणपद्धत बसवली. ‘बोलाल तेवढंच तुमच्या खात्यावर’ हे कलम काही त्याच्या एकट्याचं नव्हतं, पण त्याने ते असं बांधलं की जुना ऑक्शन ब्रिज काही वर्षांत मागे पडला.

स्पर्धेत नशिबालाही बाहेर बसवतात. वाटलेली पानं चार कप्प्यांच्या बोर्डात ठेवून तीच दुसऱ्या टेबलावर पाठवतात. तुमच्या जागी बसलेल्या दुसऱ्या माणसाने त्याच पानांचं काय केलं, त्याच्याशी तुमची तुलना. ‘पानंच आली नाहीत हो’ हे कारण चालत नाही. आपल्याकडे पत्ते म्हटलं की लोकांना जुगार आठवतो, म्हणून मुद्दाम सांगतो : २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा घेतला गेला आणि पुरुषांच्या जोडीत सुवर्णपदक आपल्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांना मिळालं. बर्धन ६० वर्षांचे, सरकार ५६. आमच्या गुडघ्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

मी ब्रिज शिकलो बँकेत, लंच अवरमध्ये. शिकवणारे होते आमचे हेड कॅशियर. तुमच्यापैकी निम्मे लोक त्यांना ओळखत होते, कारण पुढे मीच त्यांना बी विंगमध्ये फ्लॅट बघायला आणलं आणि ते या सोसायटीचे पहिले खजिनदार झाले. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्या वर्षीच्या हिशेबात ४० रुपये जास्त निघाले होते. कमी नव्हे, जास्त! ते कोणाचे हे शोधायला त्यांनी तीन रात्री पावतीपुस्तकं चाळली आणि चौथ्या दिवशी एका सभासदाची बेल वाजवून ते परत केले. त्या सभासदाला ४० रुपये गेल्याचंही ठाऊक नव्हतं.

पानांचंही ते रोकड मोजल्यासारखं करायचे. इस्पिकची १३ पानं. आपल्याकडे दोन्ही मिळून आठ, म्हणजे बाहेर पाच. ती तीन-दोन अशी असण्याची शक्यता ६८ टक्के, तेव्हा निर्धास्त खेळा. बाहेर चार असतील तर? तुम्ही म्हणाल दोन-दोन. मीही म्हटलं होतं. तर नाही, दोन-दोन फक्त ४१ टक्के, तीन-एक ५० टक्के. ही टक्केवारी त्यांनी मला पे-इन स्लिपच्या पाठीमागे लिहून दिली होती. ती स्लिप अजून माझ्या पाकिटात आहे.

आता शिष्टाचाराकडे येतो. खरं तर हेच सांगायला उभा राहिलोय.

मेंढीकोटात डोळा मारणं, कान खाजवणं, खोकणं हा अर्धा खेळ असतो. लग्नाच्या वऱ्हाडात तर जो पकडला जातो त्यालाच लोक हसतात. ब्रिजमध्ये मात्र भिडूला जे सांगायचं ते त्या १५ शब्दांतच. ‘पास’ जोरात म्हणायचा नाही, हळू म्हणायचा नाही, ‘पासच’ असं तर अजिबात नाही. आमच्या वेळी बोली तोंडाने बोलत. आता बोलीच्या छापील पट्ट्या डब्यातून काढून टेबलावर ठेवतात, आवाजाचा प्रश्नच मिटला. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर आडवा पडदा असतो, भिडूचं तोंड दिसतच नाही. १९७५ साली बर्म्युडात जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत पहिल्यांदा पडदा लावला, तर इटलीची एक जोडी टेबलाखालून पायाने पाय दाबताना सापडली. मग टेबलाखालीही अडसर घातला. त्या जोडीला कडक समज मिळाली आणि कप मात्र इटलीनेच नेला! माणूस पडद्याच्या वर, खाली, बाजूने वाट काढतोच.

पण एक गोष्ट कोणत्याच पडद्याने पूर्ण थांबत नाही, ती म्हणजे वेळ. भिडू नेहमी तीन सेकंदांत पास म्हणतो आणि आज त्याने पाऊण मिनिट घेतलं, तर त्याच्याकडे काहीतरी आहे हे तुम्हाला कळतंच. विचार करणं गुन्हा नाही. तो त्याचा हक्क आहे. कायदा धरतो तो ऐकणाऱ्याला. दोन मार्ग शक्य असतील, तर भिडूच्या थांबण्याने जो सुचवला तो तुम्ही घ्यायचा नाही. आपल्याला जे कळलंय ते कळलं नाही असं समजून खेळायचं. संसारात बायकोच्या एका ‘बरं’वरून आपण सात अर्थ काढतो, त्यावर घर चालतं, ब्रिजमध्ये त्याला दंड आहे.

१९८४ साल. बँकांची आपसातली स्पर्धा, रविवार, अंतिम सामना, शेवटचा बोर्ड. मी ‘वन स्पेड’ने उघडलं. हातात पाच इस्पिक आणि कसेबसे १२ गुण. डावीकडच्या गृहस्थांनी एकदम उडी मारली, ‘फोर हार्ट्स’. आता आमच्या हेड कॅशियरांची पाळी. त्यांनी पानं मिटली, परत उघडली. चष्मा काढून पुसला. बाहेर चहावाल्याच्या कपबश्या वाजत होत्या ते मला अजून आठवतं. मग म्हणाले, ‘पास’. उजवीकडून पास. माझ्या पानांना तिथे पासशिवाय दुसरं काही शोभत नव्हतं. मी म्हटलं, ‘फोर स्पेड्स’.

त्यांच्याकडे इस्पिकचा राजा तिसरा, आठ गुण आणि बदामाचं एकच पान. दहा हात झाले.

डावीकडचे गृहस्थ वयस्कर होते, अतिशय सौम्य. त्यांनी आवाज चढवला नाही. मला विचारलं, “तुमच्या भिडूंनी जरा वेळ घेतला होता, नाही का?” मी म्हटलं, “नाही हो. नेहमीएवढाच.”

त्यांनी मान हलवली, पानं गोळा करायला घेतली. तेवढ्यात समोरून आवाज आला, “घेतला होता. पाऊण मिनिट तरी. पंचांना बोलवा.”

पंच आले, सगळं ऐकून घेतलं आणि निकाल फिरवला : फोर हार्ट्स, दहा हात, समोरच्यांचे. कप गेला.

परतताना लोकलमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. दादर गेल्यावर ते म्हणाले, “कॅश जास्त भरली तर तुम्ही काय करता?” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. उत्तर दोघांनाही माहीत होतं. आठवडाभर मी लंच अवरमध्ये कॅरम खेळलो. आठव्या दिवशी तेच पत्ते घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

ते बोलले नाहीत. मी बोललो, आणि ते सांगायला मला ४० वर्षं लागली आहेत. ‘हातातला कप पंचाने कसा घालवला’ हा किस्सा मी घरी सांगितला, बँकेत सांगितला, या सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी किमान दहा वेळा सांगितला. माझ्या किश्शात भिडू पाऊण मिनिट थांबत नाहीत. डावीकडचे गृहस्थ मला काही विचारत नाहीत. पंच मात्र आडमुठा असतो. आणि हे सगळं सांगत असताना हेड कॅशियर माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून पत्ते पिसत असायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की अहो, तसं नव्हतं ते.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, “तुमचा तो कपाचा किस्सा निघाला की मी यांना घरी विचारायची, तुम्ही खरं काय ते सांगत का नाही? तर म्हणायचे, अगं, मी डमी आहे.”

म्हणजे वहिनींना सगळं ठाऊक होतं. माझ्या घरी ठाऊक नव्हतं. आज पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींना ते आत्ताच कळतंय, तेव्हा जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी कोणीतरी बसा.

आता कामाचं. दर शनिवारी पाच वाजता ऑफिसात एक टेबल चालतं, ते आम्हाला दोन करायची आहेत. दहावी झालेल्या मुलांपासून कोणीही यावं. पैसे लावले जात नाहीत. चहा ज्याचा-त्याने आणायचा. मोबाईल बाहेर.

चौथी जागा वर्षभर रिकामी होती. गेल्या दिवाळीपासून वहिनी येऊन बसतात, माझ्या भिडू म्हणून. बोली अजून कच्ची आहे, पण पानं मोजतात नवऱ्यासारखी. विचार करायला मात्र फार वेळ घेतात. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला, की मी पंख्याकडे बघत बसतो.